आईचे पाणी आणि लेकराचे दात

बैलबाजारात जनावराची पारख करणारा शेतकरी प्रथम काय करतो, हे सांगावयास नको. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवितो, त्यास चार पावले चालवून पाहतो आणि रुमालाखाली बोटांनी सौदा ठरण्यापूर्वी त्याचा ओठ उचलून दात पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे शब्द त्याच्या तोंडी बसलेले असतात. दात कसे आहेत यावरून जनावर कोठे वाढले, त्याचे पोषण कसे झाले, हेदेखील जाणता शेतकरी ओळखतो. परंतु हाच शेतकरी आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचा ओठ उचलून त्याचे नवे आलेले दात क्वचितच पाहतो. काही गावांत ते पाहिले, तर पुढच्या पटाशीच्या दातांवर खडूसारखे पांढुरके डाग, आडवे पिवळे पट्टे, आणि काही मुलांत गर्द तपकिरी रेषा व खड्डे आढळतील. अशा गावांत शाळेतील वर्गच्या वर्ग या खुणेचा असतो. सर्वांचेच दात तसे असल्यामुळे तेथे त्याचे कोणास नवल वाटत नाही. नवल वाटते ते मुलगा शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी गेल्यावर, किंवा मुलगी पाहण्यास पाहुणे आले असता ती तोंडावर पदर धरून बोलू लागते तेव्हा.

या विकारास दंत-फ्लुरोसिस म्हणतात. पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड नावाचा क्षार वाजवीपेक्षा अधिक प्रमाणात पोटात गेल्यामुळे तो होतो. दात घासण्यात हयगय केल्यामुळे तो होत नाही, ही गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. आईबाप मुलाला आळशी म्हणून रागावतात, राखुंडीने किंवा विटेच्या भुकटीने दात खरवडावयास लावतात, आणि आधीच कच्चे असलेले दात त्यामुळे अधिकच झिजतात. मळाचा किंवा मिश्रीचा डाग आणि फ्लोराइडचा डाग यांतील भेद कोणासही शिकता येण्यासारखा आहे. मळ हिरड्यांच्या कडेला साचतो आणि खरवडल्यास निघतो. फ्लोराइडचा डाग हिरडीपासून दूर, दाताच्या मधोमध आडवा असतो, आणि डाव्या बाजूच्या दातावर जेथे असेल तेथेच उजव्या बाजूच्या जोडीदार दातावरही असतो. तो दाताच्या पृष्ठभागावर बसलेला नसून दाताच्या घडणीतच असतो.

दात केव्हा घडतो

ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण पडला, तर पुढे कितीही चांगला पाऊस झाला तरी कणीस भरत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांत जे बिघडले ते बिघडलेच. दाताचेही तसेच आहे. दात हिरडीतून बाहेर येतो तो पूर्ण तयार होऊन. त्याचे बाहेरचे कठीण कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते हिरडीच्या आत कित्येक महिने, किंबहुना वर्षे, घडत असते. त्या काळात शरीरात फ्लोराइड अधिक असेल, तर कवच घट्ट न भरता सच्छिद्र राहते. असा दात उगवताना खडूसारखा पांढरा दिसतो आणि तपकिरी रंग त्यात मागाहून मुरतो. दात एकदा उगवल्यानंतर त्यास नवे कवच येत नाही, म्हणून हा दोष औषधाने बरा होत नाही. दंतवैद्य वरून लेप लावून किंवा टोपी बसवून तो झाकू शकतात. परंतु तो खर्च किती घरांस झेपणार?

आता या घडणीचे वेळापत्रक पाहावे, कारण सर्व मुद्दा त्यातच आहे. मूल आईच्या पोटात सुमारे चौथ्या महिन्याचे असताना त्याच्या दुधाच्या दातांत क्षार भरण्यास आरंभ होतो. जन्माच्या वेळी पुढच्या दुधाच्या दातांचे कवच बरेचसे झालेले असते, आणि दुधाच्या मागच्या दाढा पुढे वर्षभरात पूर्ण होतात. कायमच्या दातांपैकी पहिली मोठी दाढ जन्माच्या सुमारास भरू लागते. वरचे पटाशीचे कायमचे दात मूल तीन-चार महिन्यांचे असताना भरू लागतात व चार-पाच वर्षांपर्यंत भरत राहतात. त्यांत सव्वा वर्षापासून अडीच वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक समजला जातो. अक्कलदाढा सोडल्यास बाकीच्या दातांचे कवच साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत पुरे होते.

म्हणजे सातव्या वर्षी जो डाग दिसतो तो पाच वर्षांपूर्वी प्यालेल्या पाण्याचा असतो. पाणी आणि डाग यांत एवढे अंतर पडत असल्यामुळे त्यांचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही, आणि गावात विंधण विहीर झाल्यानंतर सात-आठ वर्षांनी मुलांचे दात बिघडू लागले, तर दोष नशिबाला किंवा पिढीला दिला जातो.

ओकली गावचे पालक

हा संबंध जगात प्रथम ज्यांच्या ध्यानी आला, त्यांत शास्त्रज्ञांइतकेच साधे गावकरीही होते. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी आला. तेथे जन्मलेल्या मुलांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग आढळले, आणि त्या भागातील लोक त्यांस नुसता 'कोलोराडोचा डाग' म्हणत. मॅकेने पुढे अनेक वर्षे या डागाचा पाठपुरावा केला. कायमचे दात पूर्ण घडल्यानंतर जे लोक त्या गावी राहावयास आले, त्यांच्या दातांवर डाग पडत नाहीत, हे त्याने हेरले. यावरून हा दोष बालपणीच लागतो, एवढे निश्चित झाले.

१९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातील ओकली या गावी गेला. तेथील पालकांनी त्याला सांगितले की, पाच मैलांवरच्या एका ऊन पाण्याच्या झऱ्यावरून गावाने नळ आणला आणि त्यानंतर लवकरच मुलांच्या दातांवर डाग पडू लागले. मॅकेने पाणी तपासविले. परंतु त्या काळच्या तपासणीत संशय घेण्यासारखे काहीच सापडले नाही. तरीही त्याने तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला, आणि गावकऱ्यांनी तो मानला. काही वर्षांतच लहान मुलांचे कायमचे दात स्वच्छ उगवू लागले. ज्यांचे दात आधीच घडून गेले होते त्यांचे डाग मात्र तसेच राहिले. एकाच घरात थोरल्याचे दात तपकिरी आणि धाकट्याचे पांढरे, असे दृश्य दिसू लागले. पाण्यातील दोषी द्रव्य फ्लोराइड आहे, हे पुढे १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले. म्हणजे ओकलीच्या पालकांनी कारणाचे नाव ठाऊक नसतानाही उपाय केला होता. आज नाव ठाऊक आहे, पाणी तपासण्याची सोय आहे, आणि तरीही उपाय राहून जातो, हे खेदाचे आहे.

भारतात या विकाराची नोंद १९३७ मध्ये झाली. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. दातांबरोबरच हाडांवरही परिणाम होऊन माणसे वाकल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर राजस्थान, गुजरात, तेलंगणातील नलगोंडा आणि इतर अनेक भागांतून अशाच नोंदी झाल्या. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील गावे यासाठी विशेषेकरून ओळखली जातात.

गरोदरपणी फ्लोराइडच्या गोळ्या

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतून तो अद्याप ऐकू येतो. फ्लोराइड दातांना चांगले असते, टूथपेस्टमध्ये ते मुद्दाम घालतात, तेव्हा गरोदर बाईने ते घेतल्यास बाळाचे दात मजबूत होतील, असा हा समज आहे. तो अगदीच निराधार उगवलेला नाही. पाण्यात दर लिटरास एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर मुलांचे दात कमी किडतात, असे अमेरिकेत आढळले, आणि १९४५ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराने कमी फ्लोराइडच्या आपल्या पाण्यात ते त्या प्रमाणात मिसळण्यास सुरुवात केली. मुलांना लाभ होतो तर पोटातील बाळालाही होईल, या तर्काने तिकडे गरोदर स्त्रियांना फ्लोराइडच्या गोळ्या देण्याची प्रथा निघाली. परंतु त्यासाठी पुरावा नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा गोळ्यांमुळे बाळाचे दात किडत नाहीत असा दावा करून त्या विकण्यास बंदी केली. पुढे गरोदर स्त्रियांचे दोन गट करून, एकास फ्लोराइडच्या व दुसऱ्यास नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन रीतसर प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांतील दातांत लक्षात घेण्यासारखा फरक आढळला नाही.

याचे कारण आता समजले आहे. फ्लोराइडचा जो उपयोग आहे तो मुख्यतः तोंडात उगवलेल्या दाताला बाहेरून लागल्याने होतो, पोटात गेल्याने नव्हे. टूथपेस्टने दात घासून चूळ भरणे आणि तेच द्रव्य रोज पाण्याबरोबर पोटात घालणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. तेव्हा गरोदर स्त्रीने दोन वेळा टूथपेस्टने दात घासण्यास काहीच हरकत नाही, उलट ते अवश्य करावे. फ्लोराइडची गोळी मात्र घेण्याचे कारण नाही, आणि ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे तेथे तर मुळीच नाही. लहान मुलांना टूथपेस्ट गिळण्याची सवय असते. यास्तव तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, आणि थुंकावयास शिकवावे.

आता अधिक फ्लोराइडच्या गावात गरोदर स्त्रीने तेच पाणी प्यायल्यास बाळाचे काय होते? वारेतून फ्लोराइड बाळाच्या रक्तात उतरते. परंतु वेळापत्रक पाहिल्यास दिसेल की, पोटात असताना बाळाचे दुधाचेच दात घडत असतात. त्यामुळे गरोदरपणातील पाण्याचा परिणाम झाला तर तो दुधाच्या दातांवर होतो. फ्लोराइड फार असलेल्या गावांत असे डागाळलेले दुधाचे दात दिसतात, आणि त्यांतही उशिरा घडणाऱ्या मागच्या दाढांवर ते अधिक दिसतात. कायमच्या दातांचा प्रश्न बाळाच्या जन्मानंतर सुरू होतो. म्हणून केवळ नऊ महिने काळजी घेऊन थांबणे उपयोगाचे नाही.

येथे निसर्गाने एक मोठी सोय केलेली आहे. आई जरी फ्लोराइडयुक्त पाणी पीत असली तरी तिच्या अंगावरच्या दुधात फ्लोराइड अत्यंत थोडे उतरते. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ अंगावर पाजले व वरचे पाणी मुळीच दिले नाही, तर तेवढा काळ ते या संकटापासून जवळजवळ सुरक्षित असते. याउलट भुकटीचे दूध त्याच विंधण विहिरीच्या पाण्यात कालवून बाटलीने पाजले, तर बाळाच्या लहानशा शरीरात फ्लोराइडचा मोठा वाटा जातो. घुटी उगाळावयाचे पाणी, ग्राइप वॉटर, उन्हाळ्यात 'घसा कोरडा पडतो' म्हणून पाजलेले चमचा-चमचा पाणी, हे सर्व अंगावरच्या दुधाच्या काळात अनावश्यक आहे, हे अंगणवाडी सेविका व आशा यांनी सासूबाईंना समजावून सांगावे. सुनेला सांगून उपयोग थोडा, कारण घुटीचा हात बहुधा सासूचाच असतो.

दातांपलीकडेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये, अनेक देशांतील अभ्यास तपासून, दर लिटरास १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेल्या पाण्याचा संबंध मुलांच्या बुद्धिमापनातील उतरत्या गुणांशी दिसतो, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष काढला. दिल्लीत डॉ. ए. के. सुशीला व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्त कमी असलेल्या गरोदर स्त्रियांच्या आहारातून फ्लोराइड वगळून पोषक अन्न वाढविले असता, त्यांचे रक्त व बाळाचे वजन सुधारल्याचे आढळले. दाताचा डाग ही दिसणारी खूण आहे. न दिसणारे काय घडते याविषयीचे ज्ञान अद्याप वाढत आहे.

गोड पाण्याचा धोका

फ्लोराइड पाण्यात येते ते मुख्यत्वे खडकातून. ग्रॅनाइट व त्या जातीच्या खडकांतील खनिजे झिजून ते भूजलात मिसळते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा असून त्यात फ्लोराइड सामान्यतः कमी असते. पूर्व विदर्भ व नांदेड जिल्ह्याचा काही भाग मात्र जुन्या खडकांचा आहे. पाणी खडकात जितके खोल व जितका अधिक काळ राहील, तितके फ्लोराइड वाढण्याचा संभव अधिक. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगाव विंधण विहिरी झाल्या व हातपंप बसले. त्यांनी पटकी-हगवणीसारख्या रोगांपासून असंख्य जीव वाचविले, हे विसरता कामा नये. परंतु काही ठिकाणी उथळ आडाचे पाणी सोडून खोल पाणी घेतल्यामुळे जंतू टळले आणि फ्लोराइड आले.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. किंबहुना येथे गृहिणीची नेहमीची कसोटी उलटी पडण्याचा संभव असतो. ज्या पाण्यात चुन्याचा अंश अधिक ते जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही व डाळ शिजत नाही. अशा पाण्यातील चुना फ्लोराइडला विरघळू देत नाही. उलट ज्या पाण्यात चुना कमी व सोड्याचा अंश अधिक, ते पाणी हलके, गोड लागते, डाळ त्यात लवकर शिजते, आणि फ्लोराइड बहुधा अशाच पाण्यात अधिक विरघळलेले असते. म्हणून बाया दोन हातपंप सोडून तिसऱ्यावर रांग लावतात तेव्हा तेथील पाणी अवश्य तपासावे.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. परंतु ही मर्यादा ठरविताना माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो, असे धरलेले आहे. वैशाखात कापसाच्या पऱ्हाट्या वेचणारी किंवा रोजगार हमीच्या कामावरील स्त्री दोन लिटरांवर भागवील काय? ती चार लिटर सहज पिते. पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर नुसत्या पिण्यातून १२ मिलिग्रॅम तिच्या पोटात गेले. भात, वरण व चहा यांत मुरलेले पाणी निराळेच. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ६ मिलिग्रॅमपुढे गेल्यास हाडांनाही धोका वाढू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे.

दोन हंड्यांचा प्रश्न

गावास चांगल्या पाण्याची योजना मिळावी, यासाठी ग्रामपंचायतीने अर्ज-विनंत्या कराव्यात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये फ्लोराइडबाधित गावांना अग्रक्रम दिलेला आहे. परंतु योजनेस वेळ लागतो, आणि पोटातील बाळ योजनेसाठी थांबत नाही. यास्तव योजना येईपर्यंत प्रत्येक घराने पाण्याची विभागणी करावी. आंघोळ, धुणे, भांडी यांस फ्लोराइडचे पाणी चालते. कातडीतून ते शरीरात जात नाही. चांगले पाणी पाहिजे ते फक्त पिण्यास व स्वयंपाकास, आणि ते पाच माणसांच्या घरास दिवसाला सुमारे २५ लिटर, म्हणजे दोन हंडे पुरते. तेवढेही साधत नसेल, तर गरोदर स्त्री व आठ वर्षांखालील मुले यांच्यापुरते तरी निराळे ठेवावे. झाकणाचा एक वेगळा माठ करून तो त्यांच्या नावाचा समजावा.

हे दोन हंडे आणावयाचे कोठून? प्रथम गावातील सर्व विहिरी, आड व पंप तपासून घ्यावेत. एकाच शिवारात दोनशे पावलांच्या अंतरावर फ्लोराइडचे प्रमाण कमी-अधिक आढळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासण्याची व्यवस्था आहे, आणि गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडे असलेल्या तपासणी संचानेही प्राथमिक अंदाज येतो. नमुना उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घ्यावा, कारण उन्हाळ्यात प्रमाण वाढलेले असू शकते. शिवारातील एखादी उथळ उघडी विहीर चांगली निघाल्यास तिचे पाणी शुद्धिकारक टाकूनच वापरावे, नाही तर दात वाचवावेत आणि हगवण ओढवून घ्यावी, असे व्हावयाचे. आणि ती विहीर अर्ध्या मैलावर असेल, तर गरोदर बाईच्या डोईवर हंडा देऊन हा उपाय करू नये. शेतातून परतणारी बैलगाडी किंवा सायकल यांवर दोन कॅन आणणे हे घरातील पुरुषाचे काम समजावे.

दुसरा स्रोत पावसाचा. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. २० चौरस मीटरच्या पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १६,००० लिटर पाणी पडते. त्यातील चौथा भाग वाया गेला असे धरले तरी १२,००० लिटर उरते. रोजचे २५ लिटर धरल्यास घराची वर्षाची गरज ९,१२५ लिटर होते. म्हणजे हिशोब बसतो. अडचण टाकीची असते. एवढी मोठी टाकी बांधणे सर्वांस शक्य नाही. परंतु दोन हजार लिटरांची झाकलेली टाकीदेखील गरोदर आई व लहान मूल यांना पुष्कळ महिने पुरेल. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू द्यावे आणि टाकीच्या तोंडाशी वाळू-गोट्यांची गाळणी ठेवावी.

पाण्यातून फ्लोराइड काढण्याचे उपायही आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेली नलगोंडा पद्धत प्रसिद्ध आहे. तीत पाण्यात चुना व तुरटी मोजून घालतात, ढवळतात आणि गाळ बसल्यावर वरचे पाणी काढून घेतात. तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता पाहून ठरवावे लागते, म्हणून ती जाणत्याकडून शिकल्याशिवाय करू नये. नुसती तुरटी फिरवून गढूळपणा बसविला म्हणजे फ्लोराइड गेले, असे होत नाही. ॲल्युमिना भरलेल्या गाळण्या व आर. ओ. यंत्रे ही फ्लोराइड कमी करतात. मात्र ॲल्युमिना काही काळाने निकामी होतो व तो पुन्हा धुऊन घ्यावा लागतो. यंत्र बसल्याच्या दिवशीचा अहवाल दोन वर्षांनंतर दाखविण्यात अर्थ नाही. यंत्रातून निघालेले पाणी दर काही महिन्यांनी तपासले पाहिजे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट वाफ उडून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. बाळंतिणीला उकळलेले पाणी देण्याची चाल जंतूंच्या दृष्टीने उत्तम आहे. परंतु मूळ पाणी चांगले पाहिजे.

आहाराविषयी थोडेसे. अन्नात कॅल्शियम पुरेसे असल्यास फ्लोराइड आतड्यातून कमी शोषले जाते. दूध, ताक, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांची गरोदरपणी रेलचेल असावी. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या न चुकता, परंतु एकाच वेळी नव्हे तर अंतराने घ्याव्यात. आवळा, लिंबू, पेरू असावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांवर केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज १० ग्रॅम चिंच दिल्याने लघवीवाटे अधिक फ्लोराइड बाहेर पडल्याचे आढळले. वरणात चिंचेचा कोळ घालण्याची आपली रीत तेव्हा मोडू नये. मात्र चिंच हा चांगल्या पाण्याला पर्याय नव्हे. चहाच्या पानात फ्लोराइड निसर्गतःच साठते. म्हणून दिवसाकाठी चार-पाच कप कोरा चहा पिणे या गावांतील गरोदर स्त्रीने टाळावे.

गोठ्यातही तेच

शेवटी पुन्हा जनावरांकडे वळणे आवश्यक आहे, कारण तीही तेच पाणी पितात. गाई-बैलांचे कायमचे दात घडत असताना त्यांना फ्लोराइडचे पाणी मिळाले, तर त्यांच्या दातांवरही पट्टे पडतात, दात अवेळी झिजतात, आणि पुढे जनावर लंगडू लागते. गावात वाढलेल्या दोन-चार दाती खोंडांचे पुढचे दात डागाळलेले दिसले, तर त्या गावचे पाणी तपासण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणास आणलेल्या जनावरांचे दात पाहून ठेवल्यास ही सूचना मुलांच्या दातांच्या आधीदेखील मिळू शकेल. वासरांना, शक्य असेल तेथे, ओढ्याचे किंवा तलावाचे पाणी पाजावे. खनिज मिश्रण घेताना ते पशुखाद्याच्या प्रतीचे आहे याची खात्री करावी. खत म्हणून आणलेले सुपर फॉस्फेट किंवा कच्चे रॉक फॉस्फेट जनावरांना चारू नये, त्यात फ्लोराइड पुष्कळ असते.

ज्या पंपाच्या पाण्यात १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड निघेल त्याच्या दांड्याला ग्रामपंचायतीने तांबडा रंग द्यावा, आणि चौथऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'पिण्यास व स्वयंपाकास नको' असे लिहावे. त्याखाली निघालेला आकडा व तपासणीची तारीख घालावी. पंप बंद करू नये, धुण्याला तो लागतोच. आणि तांबड्या पंपांची यादी आशा व अंगणवाडी सेविका यांच्याजवळ असावी, म्हणजे गरोदर स्त्रीची नोंद होते त्याच दिवशी तिच्या घरचे पाणी कोणत्या पंपाचे, हा प्रश्न विचारता येईल.